दाखला भिंतीवर, काम हातात



बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे येणाऱ्या मंडळींचे प्रश्न बदलतात. बियाणे, खत, पीक विमा यांची चौकशी होते आणि जाता जाता माणूस दारापाशी थांबतो. "साहेब, पोरगं कॉम्प्युटरचं शिकायचं म्हणतंय. पुण्याच्या क्लासवाल्यानं लाख रुपये सांगितलेत. सर्टिफिकेट मिळतं म्हणे. भरू का?" मुलींचे आईबापही आता हेच विचारू लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे.

हा विषय आमच्या खात्याचा नाही. पण लाख रुपये कोठे घालावेत हा प्रश्न घरच्या हिशेबाचाच आहे. म्हणून आज तो या पानावर घेतो.

आधी लाख रुपये म्हणजे किती ते पाहू. जानेवारी २०२४ च्या करारात ऊसतोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. त्या दराने लाख रुपये मिळवायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला दोन टन तोडतात असे धरले तर हे १३७ दिवसांचे काम झाले. जवळजवळ अख्खा हंगाम फडात गेला. केज, धारूर, वडवणी, शिरूर कासारच्या घरांना हा हिशेब समजावून सांगायला नको. एवढा पैसा एका कागदासाठी द्यायचा, तर तो कागद काय करतो आणि काय करत नाही हे आधी माहीत हवे.

कागद तीन, भाव वेगळे

संगणकाच्या शिक्षणात तीन तऱ्हेचे कागद मिळतात आणि आपण तिन्हींना 'सर्टिफिकेट' म्हणतो. घोटाळा तेथूनच सुरू होतो.

पहिला कागद पदवी किंवा पदविका. तो विद्यापीठ किंवा तंत्रशिक्षण मंडळ देते. दुसरा कागद हजेरीचा. मूल इतके महिने आमच्या वर्गात बसले, एवढेच तो सांगतो. तिसरा कागद परीक्षा घेऊन दिलेल्या व्यावसायिक प्रमाणपत्राचा. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, सिस्को, रेड हॅट यांसारख्या कंपन्या आपापल्या तंत्राची परीक्षा घेतात आणि पास झालेल्याला तो देतात. या परीक्षेला बसण्यासाठी अमुक एका क्लासलाच गेले पाहिजे असे सहसा नसते. घरी अभ्यास करून, फी भरून परीक्षा देता येते. पुष्कळ क्लासवाले हातात दुसरा कागद देतात आणि बोलताना तिसऱ्याचा भाव सांगतात. म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा, की परीक्षा कोण घेणार आणि सही कोणाची असणार?

आपल्याकडे घरोघरी माहीत असलेला कागद एमएस-सीआयटीचा. हा अभ्यासक्रम २००१ पासून चालू आहे आणि सरकारी नोकरीच्या अर्जात त्याचा उपयोग होतो. पण तो संगणक वापरायला शिकवतो. सॉफ्टवेअर तयार करणे म्हणजे संगणकाने काय करायचे ते त्याच्या भाषेत लिहून देणे, ही वेगळी विद्या आहे. ट्रॅक्टर चालवता येणे आणि ट्रॅक्टर बनवता येणे यात जेवढे अंतर, तेवढेच येथे आहे.

पिशवीवरचे लेबल

प्रमाणपत्र म्हणजे काय हे शेतकऱ्याला खरे तर कोणी शिकवायला नको. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळे लेबल असते. त्या लेबलाचा अर्थ असा, की या लॉटची तपासणी झाली आणि उगवण निदान ७० टक्के आहे. लेबलाला मुदत असते. तपासणीच्या तारखेपासून नऊ महिने, आणि फेरतपासणीत पास झाले तर आणखी सहा महिने. मुदत संपलेले लेबल कोणी मोजत नाही.

तरीही आम्ही दर खरिपाला सांगतो, की पेरण्याआधी घरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि किती उगवतात ते मोजा. का सांगतो? लेबल खोटे असते म्हणून नाही. लेबल लागल्यापासून तुमच्या घरी येईपर्यंत पोत्याची काय आदळआपट झाली, ते लेबलाला ठाऊक नसते. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल नाजूक, पोते जोरात आपटले तरी उगवण घटते. आणि घरची चाचणीही शेवटची नव्हेच. पीक उभे राहते ते शेतातच.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात नेमके हेच तीन टप्पे आहेत. प्रमाणपत्र हे लेबल. मुलाखतीत समोर बसवून प्रोग्राम लिहायला लावतात, ती गोणपाटाची चाचणी. आणि नोकरीवर खरे काम अंगावर घेऊन ते पार पाडणे म्हणजे शेत. तिन्हींची गरज आहे, पण तिन्हींचे वजन सारखे नाही.

या प्रमाणपत्रांनाही लेबलासारखीच मुदत असते. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे, सिस्कोच्या सीसीएनएची तीन वर्षे. मायक्रोसॉफ्टची बरीचशी प्रमाणपत्रे वर्षभरच चालतात, त्यांचे नूतनीकरण मात्र फुकट करता येते. हे तंत्र झपाट्याने बदलते म्हणून मुदत ठेवलेली आहे. आज लाख रुपये देऊन घेतलेला कागद मुलाला नोकरी लागण्याआधीच शिळा होऊ शकतो, हे ध्यानात ठेवा.

येथे परवाना लागत नाही

डॉक्टरला नोंदणीशिवाय दवाखाना उघडता येत नाही. वकिलाला सनद लागते. आपल्या कृषी सेवा केंद्रांचेही तसेच झाले आहे. वीस-वीस वर्षे औषधे विकलेल्या, कोणत्या बोंडाला कोणती अळी लागते हे तोंडपाठ असलेल्या दुकानदारांनाही शिक्षणाची अट आली. कृषी पदवी नसलेले कित्येक जण ४८ आठवड्यांचा 'देसी' पदविका अभ्यासक्रम करून पुन्हा विद्यार्थी झाले. तेथे अनुभव कितीही असो, कायद्याला कागद लागतो.

सॉफ्टवेअर लिहायला आपल्या देशात असा कोणताही परवाना लागत नाही. ज्याला येते त्याने लिहावे. म्हणून या धंद्यात कागद आणि अनुभव यांचा तोल बाजार ठरवतो, सरकार नाही. आणि बाजाराचा तोल माणसाच्या वयाप्रमाणे बदलतो.

पहिली नोकरी मिळवताना कागद जड असतो. मोठ्या कंपन्यांकडे हजारो अर्ज येतात. प्रत्येकाला बोलावून पाहणे त्यांना शक्य नसते, म्हणून त्या चाळणी लावतात. ही चाळणी बहुधा पदवीची आणि गुणांची असते. अनेक कंपन्या दहावीपासून पदवीपर्यंत सगळीकडे ६० टक्के मागतात. त्यामुळे ज्या मुलाला पदवी करणे शक्य आहे, त्याने क्लासच्या नादाने पदवी अर्धवट सोडू नये. बीड, अंबाजोगाई, परळी येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि विज्ञान शाखेतूनही संगणकाची पदवी घेता येते. परदेशी जाण्याचा प्रश्न आला तरी पदवी उपयोगी पडते. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी पदवीच्या ऐवजी अनुभव दाखवता येतो, पण तेथे तीन वर्षांचा अनुभव हा महाविद्यालयाच्या एका वर्षाबरोबर धरतात. म्हणजे चार वर्षांच्या पदवीची भरपाई करायला बारा वर्षे काम दाखवावे लागते.

दोन-तीन वर्षे काम झाले की पारडे फिरते. मग मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, "तुम्ही काय केले?" कोणती अडचण आली, ती कशी सोडवली, रात्री यंत्रणा बंद पडली तेव्हा काय केले, हे विचारतात. त्याचे उत्तर कागदावर छापलेले नसते. पाच वर्षे काम केलेल्या माणसाला त्याच्या क्लासचा दाखला क्वचितच कोणी विचारतो.

प्रमाणपत्र कोठे कामी येते

पण म्हणून प्रमाणपत्र निरुपयोगी आहे असे समजू नका. संगणकाचे जाळे सांभाळणे, भाड्याच्या मोठ्या संगणकांवर काम चालवणे, माहितीची सुरक्षा पाहणे या कामांत प्रमाणपत्रांना मान आहे. त्याचे कारणही समजून घ्या. ॲमेझॉन किंवा मायक्रोसॉफ्टची भागीदार म्हणून काम करणाऱ्या कंपनीला आपल्याकडे प्रमाणपत्रधारक माणसे ठरावीक संख्येने दाखवावी लागतात. म्हणून अशा कंपन्या आपल्या नोकरांना प्रमाणपत्रे घ्यायला सांगतात आणि पुष्कळदा फीही स्वतः भरतात. जो खर्च उद्या मालक करणार आहे, तो आज उचल घेऊन आपण का करावा?

परीक्षा-परीक्षेतही फरक असतो. काही परीक्षांत चार पर्यायांतून एक उत्तर निवडायचे असते. जुने प्रश्न पाठ करून त्या पास होणारे पुष्कळ आहेत आणि मुलाखत घेणाऱ्याला ते माहीत असते. रेड हॅटची परीक्षा निराळी. तेथे चालू संगणकासमोर बसवतात आणि बिघाड दुरुस्त करायला, यंत्रणा उभी करायला सांगतात. काम झाले तर पास. अशा कागदाला वजन का येते, ते सांगायला नको.

सरकारी संस्थांचे अभ्यासक्रमही विश्वासाचे आहेत. पुण्याची सी-डॅक १९८८ साली स्थापन झाली. परम महासंगणक तेथेच तयार झाला. तिचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम प्रवेश परीक्षा देऊनच मिळतो आणि तो मुख्यतः अभियंत्यांसाठी आहे. बारावी किंवा आयटीआय झालेल्यांसाठी नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेचा 'ओ लेव्हल' अभ्यासक्रम आहे. संस्थेचे केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. दहावीनंतर आयटीआयमध्ये 'कोपा' हा संगणकाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. आणि आयआयटीच्या प्राध्यापकांचे पाठ एनपीटेल या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. परीक्षा द्यायची असेल तरच हजार रुपयांच्या आसपास फी पडते.

अनुभव म्हणजे वर्षे नव्हेत

आता अनुभवाची बाजू. येथेही एक गैरसमज आहे. दहा वर्षे नोकरी झाली म्हणजे दहा वर्षांचा अनुभव झाला, असे नसते. एखादा शेतकरी दरवर्षी तेच वाण, तीच खताची मात्रा, तीच फवारणी करतो आणि शेजारी मात्र दरसाल एक तुकडा नव्या पद्धतीने करून वहीत नोंद ठेवतो. दोघांची शेती वीस वर्षांची. पण एकाकडे वीस वर्षांचा अनुभव आहे आणि दुसऱ्याने एकच वर्ष वीस वेळा केले आहे.

सॉफ्टवेअरमध्ये हे फार लवकर उघडे पडते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही देशातली सर्वांत मोठी सॉफ्टवेअर कंपनी. जुलै २०२५ मध्ये तिने जगभरातील आपली सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसे कमी करणार असल्याचे जाहीर केले. त्यात मधल्या आणि वरच्या जागांवरचे, म्हणजे अनुभवी लोकच मुख्यतः होते. नुसत्या वर्षांनी नोकरी टिकत नाही, हे यावरून दिसते. आता साधे प्रोग्राम कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मिनिटांत लिहून देतात. म्हणून काय लिहायचे, कशासाठी लिहायचे आणि लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे ज्याला कळते त्याची किंमत राहणार. ही जाण काम करूनच येते, पण शिकत राहिले तरच.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पैसे घेऊन खोटी 'अनुभव पत्रे' देणारे लोक आहेत. मूल कधी त्या ऑफिसात गेलेले नसते आणि हातात दोन वर्षांच्या नोकरीचा कागद असतो. या वाटेला जाऊ नका. मोठ्या कंपन्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावरून कोण कोठे कधी नोकरीला होते ते तपासतात. खोटे उघड झाले की नोकरी जाते आणि डाग राहतो तो निराळाच.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण

आष्टी तालुक्यातील सांगवी पाटणचे दादासाहेब भगत यांचे नाव अनेकांनी ऐकले असेल. आयटीआय केलेला हा मुलगा पुण्यात इन्फोसिस कंपनीत ऑफिस बॉय म्हणून लागला. तेथे माणसे संगणकावर काय करतात ते त्याने पाहिले, ग्राफिक्स आणि ॲनिमेशनचे शिक्षण घेतले, त्या धंद्यात कामे केली आणि पुढे स्वतःची कंपनी काढली. कोरोनाच्या टाळेबंदीत त्यांनी गावाकडच्या गोठ्यात संगणक मांडून काम चालवले. २०२४ मध्ये 'शार्क टँक इंडिया' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांच्या कंपनीला एक कोटी रुपयांचा गुंतवणूकदार मिळाला.

या गोष्टीतून नेमके काय घ्यायचे? शिक्षण नको, असे नव्हे. त्यांनी शिक्षण घेतलेच. पण काय शिकायचे ते आधी काम पाहून ठरवले आणि शिकलेले लगेच कामाला लावले. काम, मग गरजेचे शिक्षण, मग आणखी मोठे काम, असा तो क्रम आहे. तरीही अशी माणसे थोडी असतात. एकाच्या विहिरीला वीस फुटांवर पाणी लागले म्हणून सगळ्यांनी तेवढ्याच आशेवर खोदू नये.

अनुभव आणायचा कोठून?

कंपनी म्हणते अनुभव आणा, आणि नोकरीशिवाय अनुभव येत नाही. 'लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही' अशातली ही गत. पण वाटा आहेत.

पहिली वाट घरातली. मुलाला किंवा मुलीला सांगा, की आपल्या घरच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहून दाखव. ऊसतोडीच्या टोळीत कोणत्या कोयत्याने किती उचल घेतली, किती टन तोडले, मुकादमाचे कमिशन किती, फिटले किती आणि राहिले किती. दूध डेअरीचे फॅट आणि दर. बचत गटाची वर्गणी आणि कर्ज. हे काम लहान दिसते, पण यात खरी अडचण, खरा माणूस आणि खरी चूक असते. उचलीचा आकडा चुकला तर टोळीतला माणूस सांगायला येईल. हीच ती शेतातली परीक्षा. केलेले काम गिटहबसारख्या संकेतस्थळावर ठेवता येते आणि मुलाखतीत उघडून दाखवता येते.

दुसरी वाट शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपन्यांत विद्यावेतनावर काम शिकता येते. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा बारावी झालेल्यास ६ हजार, आयटीआय व पदविकेस ८ हजार आणि पदवीधरास १० हजार रुपये महिना विद्यावेतन ठरले होते. सध्या कोणत्या योजनेत जागा आहेत, ते बीडच्या जिल्हा कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रात विचारावे.

तिसरी वाट शिकवून नोकरी देणाऱ्या कंपन्यांची. तामिळनाडूतल्या झोहो कंपनीने २००५ पासून स्वतःची शाळा चालवली आहे. बारावी आणि पदविका झालेल्या मुलांना ती विद्यावेतन देऊन शिकवते आणि पुढे कामावर घेते. येथे पैसे मूल देत नाही, कंपनी देते.

पैसे भरण्याआधी

क्लासला जायचेच असेल तर हे पाच प्रश्न विचारा.

१. परीक्षा तुम्ही घेणार की बाहेरची संस्था? त्या परीक्षेची फी धरली आहे की वेगळी?

२. 'शंभर टक्के नोकरी' म्हणता, ते लेखी देता का? नोकरी न लागल्यास किती पैसे परत, किती दिवसांत?

३. गेल्या वर्षीच्या चार विद्यार्थ्यांशी बोलता येईल का? त्यांना पगार किती आणि काम कोणते?

४. फी हप्त्याने घेता का? मध्येच सोडले तर काय? क्लासच्या नावाखाली कर्जाच्या कागदावर सही घेत आहात का?

५. सहा महिन्यांत मूल स्वतःच्या हाताने कोणते काम पुरे करील?

पाचव्या प्रश्नाला नीट उत्तर मिळाले नाही तर उठून यावे. आणि त्याआधी तीन महिने मुलाला फुकटच्या पाठांवर घरी शिकू द्यावे. तीन महिन्यांत त्याने उचलीच्या हिशेबाचा चालणारा प्रोग्राम लिहिला, तर त्याला गोडी आहे असे समजा आणि मग पैसे घाला. नाही लिहिला, तर लाख रुपये वाचले आणि पोराला दुसरे काही शिकायला वेळ मिळाला.

जुना संगणक पंधरा-वीस हजारांत मिळतो. उरलेले पैसे आधी पदवी पुरी करायला ठेवा. प्रमाणपत्र नोकरी लागल्यावर, कामाला हवे असेल ते, आणि जमल्यास मालकाच्या खर्चाने घ्यावे. मुलगी शिकत असेल तर तिच्या वाट्याचा संगणक भावाच्या हातात जाऊ देऊ नका, एवढे मात्र आयांनी पाहावे.